आपोआप उठायचं नाही

आटपाट हैदराबाद होतं, त्यात तारनाका होता, तारनाक्याला नागोराव आणि विमलाबाई राहत होते. त्यांचा एकुलता एक प्रबुद्ध परीक्षांचे निकाल तयार करणाऱ्या एका खासगी हापिसात रातपाळीला होता, तोही टेंपररी. पोरांनो, विमलाबाईच्या तोंडून ऐकलंय हे. माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

त्या हापिसात एक मोठं मशीन. हजारो लेकरांचे मार्क त्याच्या पोटात. लाइट जाऊन आली की ते आपोआप उठत नसे, माणसानं उठवावं लागे. जुने ऑपरेटर एकनाथराव यांनी मुद्दाम तसं ठेवलेलं. ते तळव्यावर चुना-तंबाखू मळत आधी मशीनच्या पेटीला कान लावायचे, आतली मार्कांची चकती नीट फिरते का ऐकायचे, मगच उठवायचे. थंडीच्या दिवसांत ते वारले.

शहाण्णव साल, अकरा मे, शनिवार. श्रीकांतसाहेब घरी निघताना म्हणाले, "मशीनला काय दर टायमाला भूपाळी म्हणून उठवायचं? आपोआप उठेल असं करून ठेव. सोमवारी निकाल आहे. नीट लागला तर तुला पर्मनंट करतो. बिघडलं, तर तोंड दाखवू नको."

"हौ साब."

प्रबुद्धनं सेटिंगमधलं 'नो' काढून 'येस' केलं, हात धुतले आणि आईनं दिलेला डबा उघडला.

रात्री बारा चाळीसला लाइट गेली. बॅटरी दोन मिनिटं तगली, मग तीही बसली. थोड्या वेळानं लाइट आली. पंखा घुमला, पडदा उजळला... आणि मशीन तिथंच थांबलं.

त्यानं सेटिंग बघितलं. 'नो'.

"मीच विसरलो काय?" पुन्हा 'येस' केलं. मशीन बंद करून चालू करून बघितलं.

'नो'.

त्यानं दारातल्या वॉचमनला हाक मारली. "यादगिरी, आत कोण आलतं?"

"कोई नै साब. चाबी तो तुमारेच पास है."

तिसऱ्यांदा 'येस' लिहिलं. दोन्ही हात मांडीवर घेतले. बघत बसला.

कीबोर्डवरचं एक बटण खाली गेलं. सावकाश.

मग दुसरं...

'नो'.

पळावं तर नोकरी जाते. हातानंच उठवू, म्हणून तो पुढं झाला. तेवढ्यात मानेवर... तळवा. गार. जोर नव्हता त्यात. नुसता वाकवत होता. पेटीकडं.

कान टेकला.

आत... कर्र... कर्र...

त्यानं वायरच उपटली.

रविवारी इंजिनिअर आला. "चकती खरवडत होती," तो म्हणाला. "मशीन उठलं असतं तर सगळे मार्क गेले असते. उठवलं नाहीस, वाचलास बाबा." त्यानं दिवसभर खपून मार्क दुसऱ्या चकतीवर उतरवले. सोमवारी निकाल वेळेवर लागला. साहेबांनी त्या सेटिंगचं पुन्हा नाव काढलं नाही. रात्री माणूस लागणारच, हे त्यांना पटलं.

जूनमध्ये प्रबुद्धच्या हातात पर्मनंटची ऑर्डर पडली. नागोरावांनी ती चारदा मोठ्यानं वाचली. विमलाबाईनं गल्लीभर खीर वाटली. त्या घराला बरे दिवस आले ते तिथून.

त्याच रात्री प्रबुद्ध पर्मनंट माणूस म्हणून मशीनपुढं बसला. 'नो'मधल्या पहिल्या अक्षराच्या बटणावर चुन्याचं बोट उमटलेलं होतं.

तंबाखू ना तो खायचा, ना यादगिरी.

चुना ओला होता.