एक्केचाळिसावी टाळी

दवाखान्याचं कुलूप काढून आत्यानं आधी खिडक्या उघडल्या, मग कालचे केसपेपर एकाखाली एक नीट लावून ठेवले. कंपाउंडर अजून यायचा होता. हा माणूस वेळेवर येईल अशी गावात कुणाचीच अपेक्षा नव्हती, आणि त्यानंही आजवर कुणाचा अपेक्षाभंग केला नव्हता. त्यामुळे भाचीच्या हाताला पट्टी बांधायचं काम आत्याच्याच गळ्यात पडलं.

"हळू गं आत्या."

"हा शहाणपणा दोर ओढताना सुचायला हवा होता. तळव्याची सालटं निघालीत सगळी. आणि म्हणे पथकातली पहिली मुलगी!"

"पहिली आहेच," भाची म्हणाली. वीस वर्षांची पोर, पण तोरा असा की समुद्रानं तिला विचारूनच लाटा सोडाव्यात. पट्टीची गाठ बसली तशी ती हात उलटासुलटा करून बघत म्हणाली, "आज टाळी तू घेणार ना? नक्की?"

आत्यानं मान हलवली. भाचीनं तिला मिठी मारली आणि सायकलवर टांग टाकून ती निघूनही गेली. रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं की सायकल कोपऱ्यापर्यंतही दिसली नाही, नुसती घंटी ऐकू येत राहिली.

खरं तर तिला आत्या म्हणणारी ही एकच. पण लहानपणी ती गल्लीभर "आत्या, आत्या" करत फिरायची, तेव्हा वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

बारा वर्षांपूर्वी ही आत्या जीवरक्षक पथकाच्या ठाण्यावर कामाला होती. सामानाची खोली सांभाळायची, जाकिटं वाळवायची, आणि मुख्य म्हणजे टाळी घ्यायची. बुडत्याला काढायला गेलेलं पथक पाण्यातून परत येताना प्रत्येक जण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या तिच्या पुढे केलेल्या तळव्यावर टाळी द्यायचा, आणि ती डोळे मिटून मोठ्यानं आकडा म्हणायची. डोळे मिटायचे, कारण उडत्या पाण्यात सगळी जाकिटं सारखीच दिसतात. एकच माणूस दोनदा दिसतो आणि दुसरा दिसतच नाही. जितके गेले तितक्या टाळ्या पडल्या की तिनं ओरडायचं, "पूर्ण!" मग भोंगा वाजायचा, पाण्यातला दोर ओढून घेतला जायचा आणि सगळे चहाला जायचे. तो शब्द कानावर पडल्याशिवाय कुणी किनारा सोडायचा नाही.

त्या दिवशी बारा जण गेले होते. असंच धुकं होतं. बारा टाळ्या पडल्या, ती "पूर्ण" म्हणाली, दोर आला. आत टेबलावर चहाचे बारा कप भरले गेले आणि त्यातले नऊच उचलले गेले. उरलेल्या तिघांत तिचा धाकटा भाऊ होता.

चौकशीत लिहिलं गेलं, 'मोजणीत चूक'. आत्यानं मुकाट्यानं सही केली आणि नोकरी सोडली. पण मोजणीत चूक नव्हती. बारा टाळ्या पडल्या होत्या, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगेल. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं ते वेगळंच. भावाची अनामिका कप्पीत सापडून अर्धी तुटलेली होती. हजारदा त्यानं टाळी दिली होती आणि हजारदा ते अर्ध्या बोटाचं खोड तिच्या तळव्याला लागलं होतं. त्या दिवशीच्या बारा हातांत ते लागलं नाही. तिच्या ते लक्षात आलं होतं. पण हात गारठून बधिर झाले होते, आकडा जुळला होता, आणि ती स्वतःशी म्हणाली, असेल, कळलं नसेल. मग "पूर्ण" म्हणून मोकळी झाली.

त्या बारांतले तीन हात कुणाचे होते, याचा विचार ती दिवसा करायची नाही.

भावजय तिला कधी काही बोलली नाही. भाजी, पाणी, पोरीची शाळा, सगळ्यावर बोलायची, पण त्या दिवसावर एक अक्षर नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर आत्याला बरं वाटलं असतं. दरवर्षी त्या तिघांच्या स्मरणाला सगळे जमायचे, आणि आत्या दरवर्षी त्या दिवशी दवाखान्यात बसून राहायची. यंदा मात्र पोर पथकात आली, आणि काल संध्याकाळी भावजय स्वतः दारात येऊन उभी राहिली.

"वन्सं, उद्या टाळी तुम्ही घ्या."

"मी? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. पोरीची इच्छा आहे." चप्पल घालता घालता ती थांबली. "माझीही."

एवढ्या दोन शब्दांवर आत्या रात्रभर जागी राहिली होती.

किनाऱ्यावर पोचली तेव्हा धुक्यानं समुद्र गिळलेला होता. लाटा दिसत नव्हत्या, नुसता त्यांचा आवाज येत होता, तोही कुणीतरी दाराआड बोलावं तसा दबका. हवेला कुजक्या शेवाळाचा आणि ओल्या दोराचा वास होता. लोखंडी खांबाला बांधलेला दोर वाळूवरून सरळ पाण्यात गेला होता आणि दहा पावलांवर धुक्यात नाहीसा झाला होता. त्याच्या पलीकडच्या टोकाला पिंप तरंगत असतं, हे फक्त माहीत असल्यामुळे खरं मानायचं.

ठाण्याचे प्रमुख यादी घेऊन उभे होते. "एक्केचाळीस जण आहेत, बाई. दोराला धरून गुडघाभर पाण्यात जातील, फुलं सोडतील, परत येतील. पथकातला सगळ्यात नवा माणूस पुष्पचक्र घेऊन पिंपापर्यंत जातो. म्हणजे यंदा तुमची भाची."

"इतक्या धुक्यात?"

"दोर आहे ना. दोर सोडला नाही की झालं." मग जरा हसून म्हणाले, "आणि तुम्ही आहात."

त्यांना ते चांगल्या मनानं म्हणायचं होतं. आत्यानं मात्र नजर दोराकडे वळवली.

तिघांची नावं घेतली गेली. मिनिटभर सगळे स्तब्ध उभे राहिले. मग एकेक जण दोराला धरून पाण्यात उतरला आणि विरघळल्यासारखा दिसेनासा झाला. सर्वांत शेवटी भाची गेली, खांद्यावर फुलांचं चक्र अडकवून. जाताना तिनं वळून पट्टीचा हात हलवला.

आत्यानं डोळे मिटले आणि उजवा तळवा पुढे केला.

"एक." प्रमुखांचा चामड्यासारखा हात. "दोन." शाळेतल्या बाई, बोटं खडूनं खरखरीत. "तीन. चार." बारा वर्षांनी आवाज आधी चिरकला, मग लागला. हात येत होते. थंड, ओले, पण आतून ऊब असलेले. माणसाच्या हातात कितीही गारठा असला तरी आत कुठेतरी ऊब असतेच, हे तिला पुन्हा आठवलं. एकतिसावा हात भावजयीचा होता. तो टाळी देऊन लगेच उचलला गेला नाही. क्षणभर तिथंच टेकून राहिला, आणि आत्याला मिटल्या डोळ्यांनी रडू आलं.

"अडतीस... एकोणचाळीस... चाळीस."

मग कुणी आलं नाही.

लाटांचा आवाजही कमी झाल्यासारखा वाटला. मागे वाळूवर लोक कुजबुजत होते, कुणी टॉवेल झटकत होतं. एकच राहिली होती, आणि तिला लांबून यायचं होतं. आत्या हात पुढे करून उभी राहिली. दंड भरून आला.

पाण्यात पावलं वाजली. सावकाश, जड पावलं. शेवाळाचा वास एकदम जवळ आला, आणि तिच्या तळव्यावर टाळी पडली.

त्या हाताला पट्टी नव्हती. त्याच्यात ऊबही नव्हती. आणि अनामिकेच्या जागी एक आखूड खोड होतं.

आकडा तिच्या ओठावर होता, तो तिथंच राहिला. भीती नंतर आली. आधी आला तो आनंद. बारा वर्षं ती ज्या हातासाठी झुरली, तो तिच्या हातात होता.

"ताई," तो म्हणाला. अगदी हळू, तिच्या एकटीच्या कानात. तिला ताई म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. तो गेला तेव्हा ती हाकही गेली होती. "ताई, एक्केचाळीस झाले. पूर्ण म्हण."

"तू... कुठून..."

"फार गार आहे गं तिथं. म्हण ना."

तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. उघडले तर समोर काय दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही, दोन्हीची भीती वाटत होती. "आणि पोर?" तिनं विचारलं. "तुझी पोर आहे पाण्यात. ती कुठाय?"

नुसतं पाणी ठिबकत होतं, तिच्या पावलांवर.

"आकडा जुळला ना, ताई? ...त्या दिवशी जुळला होता तसाच."

तेव्हा तिला सगळं कळलं. त्या दिवशी याच्या जागी कुणीतरी असंच टाळी देऊन गेलं होतं, आधीच्या कधीच्या बुडालेल्यांपैकी. कुणीतरी बाहेर आलं म्हणून हा आत राहिला. आणि आज ती "पूर्ण" म्हणाली की भोंगा वाजणार, दोर ओढला जाणार, आणि धुक्यात पोरीच्या हाताला धरायला काही उरणार नाही.

"मला मोज ना गं, ताई... बारा वर्षं झाली."

लहानपणी ताप आला की तो असाच आवाज काढायचा. त्या आवाजाला नाही म्हणणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

"चाळीस!" आत्या किंचाळली. "चाळीसच झालेत! एक बाकी आहे! दोर ओढू नका!"

तळव्यावरचा हात सैल पडला. एकेक बोट सुटत गेलं, आणि शेवटी ते अर्धं.

मागे एकच धावपळ उडाली. प्रमुख आणि दोघं जण दोराला धरून पाण्यात घुसले. भावजय "माझी पोर, माझी पोर" करत त्यांच्यामागे धावली, तिला चार जणांनी धरून ठेवलं. आत्या जागची हलली नाही. हात तसाच पुढे.

भाचीला आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. प्रमुख धापा टाकत म्हणाले, "दोर सोडून उलटीच चालली होती, बाई, खोल समुद्राकडे. गळ्यापर्यंत पाणी होतं. म्हणत होती, किनारा तिकडेच आहे, आत्या तिकडूनच आकडे मोजतेय..."

दोघांच्या खांद्यांवर भार टाकून भाची आत्यासमोर उभी राहिली आणि तिनं टाळी दिली. पट्टी भिजून सैल झाली होती, पण गाठ आत्याचीच होती. तिनं ती बोटांनी चाचपून बघितली. या वेळी तिला नुसत्या आकड्यावर विसंबायचं नव्हतं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "पूर्ण!"

भोंगा वाजला. दोर सळसळत किनाऱ्यावर आला.

ठाण्याच्या खोलीत शेगडी पेटवली होती. भाचीला तीन घोंगड्यांत गुंडाळून बाकावर बसवलं होतं आणि भावजय तिचे तळपाय चोळत होती. आत्या आत आली तशी ती उठली आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडली.

"वन्सं, बारा वर्षं मी तुमच्यावर मनातून राग धरला. आज तुम्ही नसतात तर..." तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्या मनात आता काही नाही. खरंच काही नाही."

हे ऐकायला आत्या बारा वर्षं जगली होती. तिनं भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या क्षणी वाटलं, मोकळी झाले मी, आता मरण आलं तरी चालेल.

"तिच्याजवळ बसा, वन्सं. मी चहा आणते. पाय अजून गारच आहेत बघा."

आत्या बाकावर टेकली. भाची शेगडीकडे टक लावून बघत होती, आयुष्यात पहिल्यांदाच विस्तव बघावा तशी. दोन्ही तळवे तिनं जाळापाशी नेले होते, इतके जवळ की पट्टीची कड करपायला लागली होती. आत्यानं घाईनं तिचा हात मागे ओढला.

भाचीनं मान वळवली आणि हसली. मग आत्याच्या कानाशी तोंड आणलं.

"या खेपेला मोजलंस हं मला," ती हळूच म्हणाली. "ताई."

भावजय कप घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू आत्यानं बारा वर्षांत बघितलं नव्हतं.

"काय म्हणतेय हो?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "चहा मागतेय."

ती उठली, दार लोटून बाहेर आली. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. दोर गुंडाळून खांबाला अडकवलेला होता. त्यातून पाणी टपकत होतं. तिनं तो पुन्हा सोडला, जमेल तितका पाण्यात फेकला, आणि धुक्याकडे तोंड करून उभी राहिली.

"चाळीस!" ती ओरडली. "चाळीसच झालेत, पोरी! ये! मी इथं आहे, इकडे ये!"

मग तिनं डोळे मिटले आणि हात पुढे केला.