घोडवाट सोडायची नाही

अंधार पडण्यापूर्वी एडिथला शोधायचे होते. त्यासाठीच तिघे लिडकोमच्या राखीव जंगलात शिरले होते : चौऱ्याहत्तर वर्षांची हेस्टर पॅडफील्ड, तिचा मुलगा जेराल्ड आणि सून प्रू. हेस्टरची धाकटी बहीण एडिथ सकाळी घोडीवर बसून एक्समूरच्या माळाकडे गेली होती. ती दुपारच्या चहाच्या वेळेलाही परतली नाही. एडिथने चहा चुकवल्याचे घरात कोणालाच आठवत नव्हते. बचावपथक पायी निघाले होते, कारण अशा धुक्यात हेलिकॉप्टर उठणे शक्य नव्हते.

तिघांच्या विजेच्या सायकली चिखलातून चढत होत्या. अशा सायकलीवर बसणे हा पायांचा अपमान आहे, असे म्हणून एडिथने ईस्टरपासून बहिणीशी बोलणे टाकले होते.

ओढा फुगला होता. सायकली ढकलत ते पाण्यात उतरले आणि जेराल्डचा पाय घसरला! प्रूने कॉलर धरून त्याला ओढले. पैलतीरी पोचल्यावर त्याच्या सायकलीची मोटार बंद पडली. बॅटरी संपली होती.

"पूर्ण जोरावर पळवू नकोस, असं मी सांगितलं होतं," हेस्टर म्हणाली.

"आई, भाषण उद्या दे."

पुढे वाटेच्या कडेला, कोणी आत जाऊ नये म्हणून, दोरी बांधलेली होती. पलीकडे नेच्यांत, जमिनीवरच, रातवा पक्ष्यांची घरटी होती.

"इथून घुसलो तर निम्म्या वेळात माळावर पोचू," जेराल्ड म्हणाला.

"दोरी ओलांडायची नाही."

"मावशी तिथे मरत असेल, आणि तू पाखरांची अंडी सांभाळतेस?"

"तुझी मावशी घोडवाट सोडून कधीही गेलेली नाही. ती याच वाटेवर कुठेतरी आहे. वाट सोडली, तर तिलाच मागे टाकून जाऊ."

हेस्टरचा आवाज ठाम होता. मनात मात्र एकच प्रश्न होता : आपण चुकलो असलो तर? उजेड विझत चालला. त्यांनी हाका मारल्या. धुक्याने त्या गिळल्या. प्रू हळूच म्हणाली, "हेस्टर, ओल्या कपड्यांत एडिथमावशींची रात्र निघणार नाही."

तेवढ्यात टापा वाजल्या. वरून घोडी उधळत येत होती. खोगीर रिकामे! एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घसरण.

"उतरा. मोटार बंद. कडेला व्हा," हेस्टर म्हणाली.

वाटेत घोडा भेटला की थांबून त्याच्याशी बोलायचे, म्हणजे समोर माणूस आहे हे त्याला कळते. हेस्टर प्रत्येक घोड्याशी बोले आणि जेराल्ड दर वेळी हसे. आज तो हसला नाही.

"शुभ संध्याकाळ, ब्रॅम्बल. किती गं भिजलीस, माझी राणी. ये, घाबरू नकोस."

घोडी थबकली. मग घसरणीखालून, नेच्यांतून, क्षीण आवाज आला.

"माझ्याशी... इतकं गोड कधी बोलली नाहीस."

हेस्टर बसत, सरकत खाली उतरली. एडिथचा पाय मोडला होता, ओठ निळे पडले होते. हेस्टरने आपला कोट तिच्यावर घातला आणि तिला छातीशी घट्ट धरले.

"प्रू, माझी सायकल घे. मी जपून चालवलीय. पथकाला गाठण्याइतकी बॅटरी आहे तिच्यात."

"मला त्या यंत्रावर बसवणार असशील," एडिथ कुजबुजली, "तर मी इथंच बरी."

"तुला कोण बसवतंय? ती मदत आणायला चाललीय."

वर सायकलीच्या मोटारीची बारीक घरघर सुरू झाली, तेव्हा एडिथने बहिणीची बाही ओढली.

"तिला सावकाश जा म्हणावं, हेस्टर. खाली घरटी आहेत."