दुपारचं ताट

त्रेसष्ट दिवसांनी पुस्तकं बांधणारा बाइंडर दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याची पँट कमरेला सुतळीने बांधलेली होती. स्वादुपिंडाला सूज येऊन धडधाकट माणूस इतका झिजतो, यावर गल्लीतल्या कुणाचा विश्वास बसेना. पोटात असला काही अवयव असतो हेच निम्म्यांना ठाऊक नव्हतं. समोरचा किल्लीवाला मात्र त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "देवाने तुला अर्धाच पाठवला रे. बाकीचा मागाहून येईल."

बाइंडर हसला. हसताना कुशीतली नळीची जखम ओढली गेली, म्हणून हात दाबून हसला.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, मध्ये एक पडदा. दुकानात दाबयंत्र, सरसाचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत. आजारी पडला त्या दिवशी वाचनालयाचे बारा जाडजूड ग्रंथ पानं सुटलेल्या अवस्थेत टेबलावर पडले होते. तेवढी एक काळजी त्याला शुद्धीवर आल्यापासून होती. घरी आल्यावर चौथ्या दिवशी भिंतीला धरत धरत तो दुकानात गेला, तर बाराच्या बारा ग्रंथ बांधून, वजनाखाली नीट रचून ठेवलेले.

त्याने एकाच्या कण्यावरून अंगठा फिरवला. शिवण एकसारखी, कोपरे धारदार. असं काम या गावात दोघांनाच जमायचं. एक तो स्वतः. दुसरा त्याचा गुरुभाऊ, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, ज्याचं स्थळ त्याच्या आधी त्याच्या बायकोला सांगून आलं होतं.

बायकोला त्याने काही विचारलं नाही. किल्लीवाल्याला विचारलं, तेही सहज विचारावं तसं. तो म्हणाला की अकरा-साडेअकराला दुकानाचा दरवाजा अर्धा उघडा असायचा, आत कुणीतरी पाठमोरा बसून शिवत असायचा, आणि वहिनींचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. "कारागीर ठेवला असेल. तू का पोटात दुखवून घेतोस? तुझ्या पोटाला आधीच काय कमी झालंय?"

त्या दिवसापासून बाइंडरचं जेवणावर लक्ष राहिना. जेवण तरी काय, दिवसातून सहा वेळा वाटीभर, तेलातुपाशिवाय उकडलेलं. पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल घ्यायची, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. बायको बशीत कॅप्सूल काढून ठेवायची, पाणी द्यायची, सगळं वेळच्या वेळी करायची. पण त्याला आता दिसू लागलं होतं की तिच्या गालांवर तेज आलंय. नवरा मरणाच्या दारात असताना बाई सुकते. ही फुलली होती.

त्याची एक सवय होती, ती कुणालाच माहीत नव्हती, बायकोलाही नाही. पुठ्ठ्यावर अस्तराचा कागद चिकटवायच्या आधी तो पेन्सिलने आत तारीख लिहायचा आणि खाली एक शब्द: तुझंच. देवाच्या नावे. वरून कागद बसला की तो शब्द जन्मभरासाठी झाकला जायचा. गुरुभावाची चोरी पकडायला एवढं पुरे होतं; त्याने बांधलेल्या पुठ्ठ्यात तो शब्द नसणार. बायको दळण आणायला गेली तशी त्याने पहिल्या ग्रंथाच्या अस्तराखाली ओली पट्टी सरकवली आणि कागद हलकेच उचलला.

आत तारीख होती. खाली ‘तुझंच’ होतं.

अक्षर त्याचंच, पण डावीकडे कललेलं. डाव्या हाताने लिहावं तसं.

दवाखान्याचा कागद त्याला तोंडपाठ होता. त्या तारखेला तो व्हेंटिलेटरवर होता. उजव्या मनगटात तीन सुया, हात फळीला बांधलेला. मोकळा होता तो डावा.

मग त्याने एकेक करून अकराव्यापर्यंतची अस्तरं उचलली. अकरा तारखा, त्याच्या अकरा बेशुद्ध दिवसांच्या. बारावा ग्रंथ त्याने सगळ्यांत शेवटी उघडला. त्यातली तारीख तो घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. त्या दिवशी तो सकाळपासून मागच्या खोलीत झोपून होता.

पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा त्याला दुसरंच काही जास्त टोचलं. हा शब्द तो आयुष्यभर देवासाठी लिहीत आला होता. या बारा ठिकाणी तो कुणासाठी लिहिला होता?

बायको दळण घेऊन आली. टेबलावर उचकटलेली अस्तरं बघून पिशवी खाली ठेवायची विसरली.

"कोण यायचं इथं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच." तिने साधेपणाने सांगितलं. मग ती हळूहळू बोलू लागली. ती म्हणाली की पहिल्यांदा आलात तेव्हा मी रडले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते शिवायला बसलात. दुपारी जेवलात, दोनदा वाढून घेतलंत, भाजीला नाव ठेवलंत आणि मग हसलात. मग रोज यायचात, शिवता शिवता बोलत बसायचात. संध्याकाळी मी दवाखान्यात यायचे, तर तुम्ही तिथे नळ्यांमध्ये.

"आणि तू कुणाला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर थांबलं असतं."

"अगं, तो मी नव्हतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत कीव होती, आणि कीव त्याला सहन झाली नाही. "पंधरा वर्षांत तुम्ही माझ्याशी इतकं बोलला नव्हतात," ती म्हणाली.

त्यानंतर तो दुपारी स्वयंपाकघरातच बसू लागला. खुर्ची दाराकडे तोंड करून. आठवडा गेला, कुणी आलं नाही. तो तिच्याशी बोलायचा प्रयत्न करी. एक घास, एक वाक्य, मग दम लागे. ती हो-हो म्हणे आणि पडद्याकडे बघे. तिचे गाल उतरले. आपण जिंकलो, असं त्याला वाटायला हवं होतं. देवापुढे हात जोडून त्याने एकच मागितलं की हिच्या तोंडावर ते हसू माझ्यामुळे येऊ दे.

नवव्या दिवशी वाचनालयातून निरोप आला की ग्रंथ उद्या हवेत. बारा अस्तरं पुन्हा चिकटवायची होती. तो सकाळीच दुकानात बसला. काम सावकाश चाललं. शेवटचं अस्तर राहिलं तेव्हा पडद्यामागून बायकोचं हसणं आलं.

मोकळं हसणं. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

त्याने दोन्ही हात टेबलावर रोवले. उठायला वेळ लागला.

चार पावलं. मग भिंत. मग पडदा.

स्वयंपाकघरात ती एकटीच होती. त्याच्या जागेवरचं ताट उचलत होती. ताट चाटूनपुसून स्वच्छ. चमचा डावीकडे.

"मला वाढ," तो म्हणाला.

ती चकित होऊन हसली. गाल पुन्हा फुलले होते. "आत्ताच तर जेवलात की. दोनदा वाढलं."

ताटाशेजारी बशी होती. बशीत त्याची कॅप्सूल तशीच पडलेली होती. जेवून गेलेल्याला तिची गरज लागली नव्हती.