बाद झालेली बाटली

टाकीतले पाणी हिरवे व्हायचे नावच घेत नव्हते, आणि केतकीची कालवे उपाशी होती.

तिळाएवढी शिंपल्यांची पिल्ले ती! सूक्ष्म शैवाल (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पाणशेवाळ) हेच त्यांचे जेवण. यंदा खाडीच्या पाण्यावर तेल आले, म्हणून आबांनी, म्हणजे तिच्या समुद्रशास्त्रज्ञ आजोबांनी, बिनखलाशाची बोट पाठवून थेट दक्षिण महासागराचे निळेशार पाणी आणवले होते. त्यात शैवालाचे बी सोडले, पण ते वाढेना.

"नायट्रेट भरपूर, फॉस्फेट भरपूर," प्रयोगशाळेतला यंत्रमानव बोंडू म्हणाला. "पान वाढलेले आहे. जेवणारेच रुसलेत."

"मग तूच काढ समजूत," केतकी म्हणाली. आज आणखी चार पिल्ले मेली होती.

तेवढ्यात तिला खिडकीतली बाटली दिसली. गेल्या आठवड्यात टाकीतल्या याच पाण्याच्या बाटल्या भरताना तिच्या हाताची लाल माती एकीत पडली होती. "बाटली बाद! हात धुवायला काय होते गं?" असे बोंडूने फटकारले होते. केतकीने ती गुपचूप खिडकीत ठेवली. शेजारच्या बाटल्या अजून नितळ होत्या. ही मात्र कैरीसारखी हिरवी.

"आबा, हे बघा."

आबांनी बाटली उजेडात धरली. "पाणी तेच, ऊन तेच. मग हिच्यात जास्तीचे काय?"

"माती," केतकी ओशाळून म्हणाली.

"आणि आपली माती लाल कशाने?"

"गंजाने... म्हणजे लोहाने?"

"शाब्बास. फळ्यांचा ढीग आणला आणि खिळेच नाहीत, तर होडी होईल? शैवालाचे तसेच. नायट्रेट-फॉस्फेट या फळ्या, लोह हे खिळे. लागते कणभर, पण त्यावाचून अडते. अशांना सूक्ष्म धातू (अत्यल्प प्रमाणात लागणारे धातू) म्हणतात. किनाऱ्याला नद्या माती आणून देतात. भर समुद्रात वाऱ्याने धूळ नेली तर नेली."

"मग टाकीत माती टाकू?"

"थांब. मातीत इतरही पुष्कळ असते. आधी पडताळू."

बोंडूने एका नितळ बाटलीत लोहाच्या द्रावणाचा थेंब सोडला. दुसरी तशीच ठेवली. काही दिवसांत थेंबाची बाटली हिरवी झाली, दुसरी नितळच राहिली, तेव्हा टाकीलाही मोजून लोह मिळाले. पुढच्या आठवड्यात कालवे पोटभर जेवू लागली.

"आबा, समुद्रालाही असे देता येईल?"

"टाकी चुकली तर पाणी बदलता येते. समुद्राचे काय करणार? आधी त्याला नीट ओळखायला हवे. ते काम तुम्हा मुलांचे."

संध्याकाळी बोंडू दारातच उभा होता. "पाय," तो म्हणाला.

केतकीने नळाखाली पाय धरले. लाल पाणी पन्हळीतून वाट काढत खाडीकडे निघाले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"थँक्यू हां," ती त्या पाण्याला हळूच म्हणाली. "नीट जा. तिकडे कुणीतरी वाट बघत असेल."