दोऱ्याला पडलेल्या गाठी

"लिफ्टवाले ना तुम्ही? बरं झालं आलात, बंद पडलीये."

जिन्याशी अवजारांची पिशवी घेऊन उभा असलेला तरुण हसला. "लिफ्टवालाच आहे. पण आज... आज जादू शिकायला आलोय."

तिने जीभ चावली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी ही मुलगी, आणि माणूस बघण्यात अशी फसली. तीही जादूच शिकायला आली होती, नवशिक्यांच्या सहा रविवारांच्या वर्गाला. मग काय, चार मजले दोघं बरोबरच चढले. वर पोचेपर्यंत तिला जी धाप लागली, ती नुसती जिन्यामुळे नव्हती.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी गणित शिकवायच्या, आणि जादूही गणितासारखीच शिकवायच्या. ना कवटी, ना काळा झगा. जमिनीवर खडूने आखलेलं वर्तुळ, मधोमध मेणबत्त्या, आणि प्रत्येकाला एक वही नि एक दोरा.

"मन एका जागी थांबत नसेल तर कसली जादू न् कसलं काय," बाई म्हणाल्या. "एक वस्तू निवडा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोज दहा मिनिटं डोळे मिटून तीच मनात धरायची. मन भरकटलं की दोऱ्याला गाठ मारा. गाठी किती पडल्या, मन कुठे गेलं, सगळं खरं लिहायचं, मग गाठी सोडवून टाकायच्या. खाडाखोड नको. आणि वस्तू शेवटपर्यंत बदलायची नाही."

तिने निळा मणी निवडला. बिचारा मणी! डोळे मिटले की जेमतेम दिसायचा, तेवढ्यात जिन्यावरचं ते हसू आडवं यायचं. पण खरं लिहायचं म्हणजे लिहायचं. 'गाठी अकरा. गॅस बंद केला का – दोन वेळा. लिफ्टवाला – नऊ वेळा.' रविवारी तो शेजारी बसायचा, तिची विझलेली मेणबत्ती आपल्या मेणबत्तीने पेटवून द्यायचा, "जमतंय का?" म्हणून हळूच विचारायचा. की झालं, पुढचा आठवडाभर मणी वाऱ्यावर.

शेवटच्या रविवारी बाई शांतपणे म्हणाल्या, "आता वही शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटच्या पानावर एकतीस गाठी होत्या, आणि एकतीसच्या एकतीस त्याच्याच. वही मांडीखाली सरकवावी, की सरळ जिना गाठावा... तोवर त्याने हात पुढे केला होता. दिली तिने. न देऊन करते काय?

मग त्याची वही उघडली. पहिला दिवस, गाठी शून्य. दुसरा दिवस, शून्य. पानामागून पान शून्यच. म्हणजे इतक्या दिवसांत ती याच्या मनात एकदाही डोकावली नव्हती. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"एकतीस?" तो कुजबुजला. त्याचे कान लाल झाले होते.

"हसा, खुशाल हसा."

"हसत नाहीये... माझं पहिलं पान बघितलंस का?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने पहिलं पान उघडलं. निवडलेली वस्तू: 'जिन्यात भेटलेली. उजव्या भुवईवर भिंगाची पांढरी पूड.'

"मी... मी वस्तू आहे होय?"

"नियमात बसत नाही, माहितीये. पण शेवटपर्यंत बदलायची नाही, हे बाईच म्हणाल्यात."

तिला भलताच आनंद झाला. "मला तो मणी मुळात आवडलाच नव्हता," एवढंच ती म्हणाली.

बाईंनी घंटी वाजवली. शेवटची दहा मिनिटं. सगळ्यांनी डोळे मिटले.

दहा मिनिटांनी बाईंनी तिचा दोरा उचलून बघितला. एकही गाठ नव्हती. "छान प्रगती आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तसं वहीत लिहूनही दिलं. आता त्यांना कोण सांगणार की गाठ मारायला दोन हात लागतात, आणि तिचा एक कधीपासून त्याच्या हातात होता.