पत्र्याची मागची बाजू

दारावर पितळी अक्षरांत नाव लावायची हौस असलेली माणसं मी सोलापुरात वीस वर्षं बघतोय. रंगवलेली पाटी त्यांना पुरत नाही. आपलं नाव दारावर चकाकलं की आपण कुणीतरी झालो, असं त्यांना वाटतं. वाटू दे. मी राउटर, म्हणजे कोरायचं मशीन, लावतो, पत्रा कापतो आणि मनातल्या मनात हसतो.

वैजयंतीबाई त्यातल्याच एक. जुळे सोलापुरातल्या अनिलकुमार वकिलांची ही दुसरी बायको. मे महिन्यात एका दुपारी त्या पिशवीतून जुनी पाटी घेऊन आल्या. जाड पितळेची, तिच्यावर एकच नाव खोल कोरलेलं: शालन. वकिलांची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी वारलेली.

"ही वितळवून टाका, भाऊ," बाई म्हणाल्या. "आन् माझं नाव कोऱ्या पत्र्यातनं कापा. तिचं काय बी राहू नये घरात. झोप लागत न्हाय मला."

"वितळवतो की," मी म्हणालो.

मेलेल्या बाईचा हेवा करणारी ही जिवंत बाई. मला किळसच आली. आणि इतकं चांगलं पितळ वितळवायला मी काय खुळा आहे? पाटी उलटी करून मशीनवर आवळली. मागची बाजू कोरीच होती. मशीनचं कापणारं बिट किंचाळत फिरलं, गरम पितळेचा वास शेडभर पसरला. अनुस्वार शिरोरेषेला जोडून घेतला, त्यामुळे अख्खं 'वैजयंती' एका तुकड्यात सुटलं. त्याच्या पाठीवर शालनच्या नावाच्या तुटक खाचा राहिल्या. त्या भिंतीकडे जाणार, कोण बघतंय? दारापाशी ग्रॅनाइटवर ते नाव स्क्रूंनी असं आवळलं की मागं कागदही सरकू नये.

आठ दिवसांत बाईंचा फोन. नाव काळं पडलं होतं. वरून लॅकरचं पॉलिश मारलेलं पितळ इतक्यात काळं पडत नाही. बाईंनीच कसली तरी पावडर फासली असणार, असं पुटपुटत मी गेलो.

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भिंतीवरचं नाव तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

"ऐका," बाई हळूच म्हणाल्या. "रोज ह्याच टायमाला..."

मी भिंतीला कान लावला. कुणीतरी भांडं घासत होतं... सावकाश, गोल गोल. चिंचेचा आंबट वास आला.

"शेजारच्या मोरीतला आवाज असेल," मी म्हणालो. शेजारी मोकळा प्लॉट होता.

माझी भीती वेगळीच होती: बाईंनी मागच्या खाचा पाहिल्या तर? म्हणून त्यांना पाणी आणायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. शेवटचा स्क्रू निघाला आणि नाव माझ्या हातात आलं... ओलं. पाठ नुकत्याच घासलेल्या समईसारखी लखलखत होती. शालनच्या प्रत्येक खाचेत चिंचेचा ताजा कोळ भरला होता.

बाईंनी वाचलं.

"तुमीच तिला परत आणून लावलं की," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. नखांत चिंच होती. ओली. "रोज दुपारी डोळा लागतो, उठले की असं असतं... पण भाऊ, त्या नावामागं माझा हात जाईल कसा?"

इतकी वर्षं गिऱ्हाइकांना हसलो, त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

ते पितळ ओताऱ्याकडे नेऊन डोळ्यांदेखत वितळवलं. नवाकोरा पत्रा मागवला, नाव पुन्हा कापलं, दोन्ही बाजू बाईंना उन्हात धरून दाखवल्या आणि मगच बसवलं. पैसे घेतले नाहीत.

काल त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"काळं पडलंय, भाऊ."

"येतो. काढून बघतो."

"नको... काढू नका. मागं काय झालंय ते मला बघायचं न्हाय." मग त्या कुजबुजल्या, "नखांत आता चिंच नसती... पितळंचा कीस असतो, कोरताना पडतो तसला."