हमरियाची एक्केचाळीस मतं

"आमची मतं कुणीतरी बदलली," सकिना दारातच म्हणाली.

यशश्रीनं तिला आत घेतलं. विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढणं हा यशश्रीचा व्यवसाय. तिचा नवरा कौशिक सुट्टीच्या दिवशी तिची गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

सकिना मस्कतच्या हमरिया वस्तीत शिवणकाम करायची. २०१६ चा मार्च होता. अमेरिकेतले पक्ष अध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरवतात, ते टीव्हीवर पाहून मस्कतच्या कोकण मित्रमंडळानंही तीच पद्धत घेतली होती. प्रत्येक वस्तीनं आधी मतदान करून, ज्याला जास्त मतं त्याच्याच बाजूचे प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी मंडळाचा अध्यक्ष ठरवायचा. वादी अदाईतून एसी मेकॅनिक भिकाजीच्या बाजूचे तीन प्रतिनिधी आले, अल् खुवैरमधून कंपनी मॅनेजर शरीफच्या बाजूचे तीन. उरले हमरियाचे चार.

"शुक्रवारी चिठ्ठ्या टाकल्या, काल निकाल लागला. शरीफसाहेब एकोणतीस, भिकाजीभाऊ बारा! ताई, मी घरोघर फिरले. भिकाजीभाऊंना मत दिलेली सव्वीस माणसं मला भेटली."

"लोक तोंडावर एक सांगतात," कौशिक म्हणाला.

"आमचे हे इस्पितळात तीन आठवडे होते. मंडळाला पत्ताही नव्हता. डबा घेऊन रोज भिकाजीभाऊ यायचे. आमच्या गल्लीतली माणसं त्यांच्याबद्दल खोटं कशाला बोलतील?"

यशश्रीनं पर्स उचलली.

हमरियातले दुकानदार हुसैनमियाँ तिथल्या मतदानाच्या सभेचे अध्यक्ष होते. "रजिस्टरात सही, मग चिठ्ठी, मग पेटी. पेटीवर कागदाची पट्टी चिकटवली नि कलावतीबाईंनी तिच्यावर मंडळाचा शिक्का मारला. पेटी नि रजिस्टर मीच गाडीतून अल् खुवैरच्या ऑफिसात पोचवलं."

"वाटेत थांबलात?"

"पेट्रोल भरायला."

बाहेर येताच कौशिक कुजबुजला, "सापडला!"

निवडणूक अधिकारी कलावतीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. "हमरियात मी स्वतः होते. गडबड काहीच नाही. फक्त अम्मार नावाच्या एका मतदारानं सही करून चिठ्ठी घेतली आणि तेवढ्यात त्याच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फोन आला. चिठ्ठी परत देऊन तो पळाला. ती मी हुसैनमियाँसमोरच फाडली."

"ऑफिसची किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक सेक्रेटरी शिरीषकडे. तो सभेला आला नव्हता, पण शिक्का शुक्रवारी संध्याकाळीच मी त्याला परत दिला."

"मतमोजणी तुम्ही केलीत?"

"माझ्या टेबलावर वादी अदाईची पेटी होती. हमरियाची शिरीषनं मोजली."

शरीफ शांतपणे म्हणाला, "मोजणीआधी मी ऑफिसात पाऊलही ठेवलं नाही. चौकशी जरूर करा. असा संशय घेऊन मला खुर्चीवर बसायचं नाही."

शिरीषनं रजिस्टर आणि चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या. "एक्केचाळीस सह्या, एक्केचाळीस मतं. आणखी काय पाहिजे?"

यशश्रीनं चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. "काही नको. संध्याकाळी सगळ्यांना इथंच बोलवा."

संध्याकाळी सगळे जमले. भिकाजी कामाच्या कपड्यांतच आला होता.

"हिशेब फारच चोख जुळला," यशश्री म्हणाली, "आणि तिथंच खोट आहे. अम्मारनं सही केली, पण मत दिलं नाही. पेटीत चाळीसच चिठ्ठ्या असायला हव्या होत्या. म्हणजे चिठ्ठ्या बदलणाऱ्यानं रजिस्टर पाहिलं होतं, सभा पाहिली नव्हती."

कौशिकनं हुसैनमियाँकडे बोट केलं. "पण पेट्रोल पंप..."

"अरे, ते सभेत होते. चिठ्ठी त्यांच्यासमोर फाटली. त्यांनी चाळीसच घातल्या असत्या. शिवाय पट्टी फाडून नवी लावायची तर शिक्का हवा. तो त्यांच्याकडे नव्हता. कलावतीबाईंकडे किल्ली होती, पण शिक्का त्यांनी परत दिला होता आणि चिठ्ठीची गोष्टही त्यांनीच सांगितली. शरीफसाहेबांकडे ना किल्ली, ना शिक्का. दोन्ही ज्याच्याकडे होतं, सभेला जो नव्हता आणि मोजणीही ज्यानं केली, असा एकच माणूस उरतो."

सगळ्यांच्या नजरा शिरीषकडे वळल्या.

त्यानं रजिस्टर मिटून बाजूला सारलं. मग म्हणाला, "एम्बसीतल्या मोठ्या साहेबांपुढे मंडळाच्या वतीनं एसीवाला उभा करायचा? मंडळाची शान राहावी म्हणून केलं मी. खऱ्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या."

"माझ्यासाठी केलंस?" शरीफ उठला. "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. कलावतीबाई, हमरियात पुन्हा मतदान घ्या. मी स्वतः तिथं जाऊन माफी मागेन."

शिरीषनं शिक्का आणि किल्ली टेबलावर ठेवली. तो दारापर्यंत गेला तेव्हा भिकाजी म्हणाला, "शिरीषभाऊ, पद सोडा, पण मंडळ सोडू नका. कागदपत्रं तुमच्याइतकी कुणाला कळतात? लोकांचे अर्ज लिहायला माणूस लागेल."

शिरीष दारातच वळला. त्यानं होकारार्थी मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी हमरियात अठ्ठावन्न माणसं मतदानाला आली. कितीतरी बायका पहिल्यांदाच आल्या होत्या. चिठ्ठ्या तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजल्या गेल्या.

त्याच संध्याकाळी दहा प्रतिनिधी जमले. कलावतीबाईंनी पुकारा केला, "हमरिया!"

चार प्रतिनिधींमधून सकिना उठली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. तिनं ओढणी सावरली, आधी घसा खाकरला आणि मग मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हमरियाची चारही मतं भिकाजीभाऊंना!"

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या शरीफनं.